वगातली जमीन, वगातले पाणी

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरच्या पठारावर वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तेथून पूर्वेला सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या दहिवडीला पाचशे मिलिमीटरही हमखास पडेल असे सांगता येत नाही. कोरेगाव तालुका या दोन टोकांच्या मधोमध वसलेला आहे. त्याच्या दक्षिणेकडच्या गावांना कृष्णा नदीचे आणि कालव्याचे पाणी मिळाले, तर उत्तरेकडची गावे वसना आणि तिळगंगा या लहान नद्यांवर आणि पावसावर राहिली. या तालुक्यातील ज्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते पीकही मुख्यतः पावसाच्याच भरवशावर घेतले जाते. येथून आग्नेयेला वाळवा, तासगाव, खानापूर आणि आटपाडीपर्यंत पसरलेला मुलूख, म्हणजे आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांचा मोठा भाग, पावसाच्या या चढउतारावर जगत आला आहे, आणि मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासातील काही मोलाच्या घटनाही याच मुलखात घडल्या आहेत. माणसाचे पृथ्वीशी असलेले नाते गाऊन, नाचून आणि हसवून मांडणारी नाट्यरूपे येथे दीड शतकाहून अधिक काळ कशी घडत गेली, याचा मागोवा घेतला असता एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: या रंगभूमीने दुष्काळाचा जाब आकाशाला फारसा विचारला नाही. तो तिने राजाला, प्रधानाला, सावकाराला आणि सरकारला विचारला, आणि विचारणारा माणूस बहुतेक वेळा स्वतः भूमिहीन होता.

या परंपरेचा एक उगम नागर आहे. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीता स्वयंवर' हे नाटक सादर केले, आणि तोच दिवस मराठी रंगभूमीचा आरंभ मानला जातो. या पौराणिक नाटकांत सूत्रधार पदे गाऊन कथा पुढे नेत असे आणि पात्रे प्रसंगानुसार ऐनवेळी भाषणे करीत. आरंभीच्या मंगलाचरणानंतर विदूषक येई तो वनचराच्या वेषात, अंगाभोवती झाडपाला गुंडाळून, वेडेवाकडे नाचत. सूत्रधाराशी त्याचा विनोदी संवाद झाल्यावरच गजानन, सरस्वती आणि मग कथेतील पात्रे रंगमंचावर येत असत. मराठी नाटकातील पहिले हसू अशा रीतीने पाला पांघरलेल्या एका रानवासी माणसाच्या तोंडून उमटले, हे अभ्यासकांनी आजवर दिले त्याहून अधिक लक्ष देण्याजोगे आहे. पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि सांगलीशेजारच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ मध्ये 'संगीत शारदा' लिहिले, तेव्हा हा वनचर मागे पडला आणि नागर संगीत नाटक घरात, माजघरात आणि दिवाणखान्यात शिरले. शेतीचा, रानाचा आणि पाण्याचा विषय सांभाळण्याचे काम त्यानंतर दुसऱ्या रंगभूमीकडे, म्हणजे तमाशाकडे, गेले.

तमाशाची रचना ठरलेली असते. प्रारंभी ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि कडे यांच्या साथीवर गणपतीला वंदन करणारा 'गण' होतो, त्यानंतर 'गवळण' येते, मग प्रश्नोत्तरांची आणि थट्टेची 'बतावणी' रंगते, आणि रात्र चढल्यावर 'वग' म्हणजे गाण्यांनी आणि संवादांनी विणलेले सलग कथानाट्य सुरू होते. यांपैकी गवळण हा भाग सहसा शृंगाराचा किंवा भक्तीचा मानला जातो, तथापि तिचा गाभा व्यवहाराचा आहे. गोकुळातील गवळणी दूध, दही आणि लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या असतात. त्यांच्यासोबत 'मावशी' असते, म्हणजे लुगडे नेसलेला आणि बोलण्यात फटकळ असा पुरुष नट. वाटेत पेंद्या आणि इतर सवंगड्यांसह कृष्ण त्यांना अडवतो, दाणाची म्हणजे जकातीची मागणी करतो, आणि मावशी त्याला ही जकात कोणत्या हक्काने मागतोस असे विचारते. गोकुळात पिकते आणि मथुरेत खपते, गवत गोकुळातील गाई खातात आणि लोणी कंसाच्या राजधानीत जाते, ही विषमता या विनोदाच्या मुळाशी आहे. गावातील दूध डेअरीच्या गाडीतून शहराकडे जाताना रोज पाहणाऱ्या प्रेक्षकाला ही थट्टा कोणत्या दुखण्यावर बोट ठेवते हे समजावून सांगावे लागत नसे, आणि म्हणूनच कृष्णाची भक्ती ओसरली तरी गवळण तमाशातून गेली नाही. ती गेली असती तर तमाशाच्या रचनेतून, जमिनीतून निघालेला माल कोणाच्या मुखी पडतो हा प्रश्नच नाहीसा झाला असता.

वगाचा इतिहासही याच मुलखाशी जोडलेला आहे. तासगाव तालुक्यातील सावळजच्या उमा-बाबू यांचा १८६५ सालचा 'मोहना-बटाव' हा पहिला वग मानला जातो. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष या गावी १८६६ मध्ये जन्मलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे पुढे पठ्ठे बापूराव या नावाने महाराष्ट्रभर गाजले. आणि मिरज तालुक्यातील कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी 'जहरी प्याला' या वगात उभे केलेले दोन हवालदार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रामीण प्रेक्षकांच्या चांगलेच ओळखीचे झाले. वगाची कथा बहुधा कोणा राजाची, राणीची किंवा राजपुत्राची असते. राज्याचे नाव कोणतेही असो, त्यातील राजा दरबार भरवतो, प्रधानाला राज्याची हालहवाल विचारतो, आणि प्रधान सगळे कुशल असल्याचे सांगतो. नेमक्या याच ठिकाणी 'सोंगाड्या' म्हणजे विनोदी पात्र करणारा नट शिपाई, नोकर किंवा वाटसरू म्हणून मध्ये पडतो आणि कुशल काय आहे ते सांगू लागतो. वग पूर्ण लिहिलेला नसे. कथेचा सांगाडा आणि गाणी ठरलेली असत, संवाद मात्र नट जागच्या जागी जुळवीत, आणि त्यामुळे ज्या गावात खेळ असेल तेथील आटलेली विहीर, फुटलेला बंधारा, चावडीवरचा तंटा किंवा चारा छावणीतील गैरव्यवहार त्याच रात्री राजाच्या दरबारात पोहोचू शकत असे. दुसऱ्या कोणत्याही मराठी नाट्यप्रकाराला ही लवचीकता इतक्या प्रमाणात लाभलेली नाही. लिखित नाटकाला दुष्काळावर बोलण्यासाठी नाटककाराने दुष्काळावर नाटक लिहिण्याची वाट पाहावी लागते. वगाला तशी वाट पाहावी लागत नव्हती.

या दरबारात बोलणारा सोंगाड्या कोण होता हेही पाहिले पाहिजे. तमाशाचे बहुसंख्य कलावंत महार, मांग, कोल्हाटी आणि तत्सम समाजांतून आले. गावगाड्यात महार-मांगांच्या वाट्याला मुख्यतः वतन आणि बलुते येत असे. वतन म्हणजे गावाच्या सेवेच्या मोबदल्यात मिळालेली, बहुधा तोकडी आणि हलकी जमीन व हक्क, तर बलुते म्हणजे सुगीच्या वेळी खळ्यावरून मिळणारा धान्याचा वाटा. खळ्यावर रास कमी पडली की सर्वात आधी कात्री लागे ती बलुत्याला, त्यामुळे अवर्षणाची पहिली झळ या घरांना बसे. ही कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, तरी वतन गेल्याने जमीन मिळालीच असे सर्वत्र घडले नाही. खुद्द तमाशाचे अर्थकारणही पावसाच्या वेळापत्रकाला बांधलेले होते आणि अजून आहे. फड, म्हणजे तमाशाचा संच, दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडतो, गावोगावच्या यात्रा-जत्रा करीत चैत्र-वैशाखात त्याचा हंगाम भराला येतो, आणि पावसाळा तोंडावर आला की तो मोडून कलावंत गावी परततात. यात्रेसाठी गावकरी जी 'सुपारी' देतात, म्हणजे खेळ ठरवून त्याचा जो मोबदला कबूल करतात, ती गावच्या वर्गणीतून उभी राहते, आणि वर्गणी पिकावर अवलंबून असते. म्हणून दुष्काळाच्या वर्षी पुणे जिल्ह्यातील नारायणगावला उभ्या राहणाऱ्या फडांच्या राहुट्यांत सुपाऱ्यांचा भाव घसरतो, कित्येक गावे खेळच रद्द करतात, आणि पावसाळ्यात पोट भरण्यासाठी घेतलेली 'उचल', म्हणजे आगाऊ रक्कम, पुढच्या हंगामावर चढते. रंगमंचावर राजाला पाण्याचा हिशेब विचारणारा माणूस स्वतःच्या उचलीचा हिशेब मनात घेऊन उभा असे. त्याच्या विनोदातील धार तेथून येते, आणि तमाशाच्या विनोदाला केवळ चावटपणा म्हणून हिणवणाऱ्या नागर समीक्षेने या गोष्टीकडे दीर्घकाळ डोळेझाक केली, हा त्या समीक्षेचा मोठा दोष आहे.

१८७६ ते १८७८ चा दख्खनचा दुष्काळ या भागाच्या स्मृतीत खोल रुतलेला आहे. तत्कालीन सातारा जिल्ह्यात दुष्काळी कामे म्हणून जे तलाव हाती घेतले गेले, त्यांत खटाव तालुक्यातील येरळा नदीवरचा नेर तलाव आणि माण नदीवरचा म्हसवडचा तलाव हे दोन ठळक आहेत. उपाशी माणसांनी टोपल्या वाहून बांधलेली ही धरणे अजून उभी आहेत. या दुष्काळानंतर काही वर्षांनी, १८८३ मध्ये, जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ सिद्ध केला. फुल्यांचे मूळ घराणे कोरेगावला लागून असलेल्या खटाव तालुक्यातील कटगुणचे, आणि या ग्रंथातील शेतीविषयीचे विवेचन वाचताना हा कोरडा पट्टा लेखकाच्या ओळखीचा असल्याचे पानोपानी जाणवते. जंगलखात्याने डोंगर आणि गायराने आपल्या ताब्यात घेतल्याने जनावरांची चराई बंद झाली, जनावरे घटल्याने शेतांना खत मिळेनासे झाले, आणि खताअभावी जमिनीचा कस गेला, अशी कारणांची साखळी त्यांनी मांडली. उपाय सुचवताना त्यांनी म्हटले की सरकारने आपल्या फौजेतील आणि पोलिसातील रिकाम्या माणसांकडून ठिकठिकाणी ताली व बंधारे घालून घ्यावेत, जेणेकरून डोंगरउतारावरचे पाणी पालापाचोळ्याच्या आणि कुजलेल्या द्रव्यांच्या खतासह शेतात मुरेल. नदीतील व तलावातील गाळ शेतकऱ्यांना फुकट नेऊ द्यावा. आणि भूमीतील झऱ्यांचा शोध पाणाड्यांच्या, म्हणजे पाण्याचा ठाव सांगणाऱ्या जाणत्यांच्या, साह्याने घ्यावा. पुढे 'पाणलोट क्षेत्र विकास' या नावाने जे शास्त्र उभे राहिले त्याचा आराखडा येथे मराठी गद्यात आधीच लिहिला गेला होता.

फुल्यांच्या विचाराने तमाशाला जे नवे रूप दिले त्याला 'सत्यशोधकी जलसा' म्हणतात. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी तमाशाचा साचा तसाच ठेवून त्यातील आशय बदलला: गणात गणपतीऐवजी निर्मिकाला, म्हणजे सृष्टी निर्माण करणाऱ्या शक्तीला, वंदन होऊ लागले, गवळणीत आणि वगात सावकार, कुलकर्णी, भट आणि अडाणी शेतकरी ही पात्रे आली, आणि सोंगाड्याच्या तोंडी कर्जरोख्यांचे, गहाणखतांचे आणि व्याजाचे हिशेब आले. सातारा जिल्हा हे या जलशांचे एक प्रमुख केंद्र होते, आणि १९१९ ते १९२१ च्या सुमारास जिल्ह्यात कुळांनी जमीनदार व सावकारांविरुद्ध जो उठाव केला त्यामागे जलशांनी केलेल्या प्रबोधनाचा मोठा वाटा होता. या जलशांमागच्या विचारात बळीराजाच्या कथेला मध्यवर्ती स्थान आहे. पुराणात बटू वामन बळीकडे तीन पावले भूमी मागतो, दोन पावलांत पृथ्वी आणि स्वर्ग व्यापतो आणि तिसरे पाऊल बळीच्या मस्तकावर ठेवून त्याला पाताळात दडपतो. फुल्यांनी 'गुलामगिरी'त ही कथा उलटी वाचली आणि बळी हा शेतकऱ्यांचा न्यायी राजा ठरवला; सगळी पृथ्वी दोन पावलांत बळकावणारा याचक आणि ती गमावणारा कष्टकरी असा सामना त्यामुळे उभा राहिला. पृथ्वी कोणाची, हा प्रश्न इतक्या थेटपणे विचारणारी दुसरी कथा या मुलखाकडे नव्हती.

जमीन गमावलेल्या माणसांचा एक प्रवाह एव्हाना मुंबईकडे वाहू लागला होता. सातारा आणि सांगलीकडची हजारो माणसे गिरणगावात कामाला लागली, आणि त्यांच्याबरोबर तमाशाही परळ-लालबागच्या थिएटरांत गेला. वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेले अण्णा भाऊ साठे लहानपणी वडिलांबरोबर पायी चालत मुंबईला गेले ते याच वाटेने. १९४४ मध्ये त्यांनी अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह 'लाल बावटा कलापथक' स्थापन केले. बंगालच्या दुष्काळावरचा त्यांचा पोवाडा माणसाने घडवलेल्या अन्नटंचाईवर बोट ठेवतो, 'अकलेची गोष्ट' हे नाट्य शेतकरी आणि सावकार यांच्या संबंधावर उभे आहे, आणि 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन' यांसारख्या वगनाट्यांनी सोंगाड्याला दरबारातून काढून निवडणुकीच्या व्यासपीठासमोर आणून उभे केले. मुंबई सरकारने या कलापथकाच्या प्रयोगांवर बंदी घातली, आणि तमाशावर कायद्याची बंधने आली असताना अण्णा भाऊंनी आपल्या खेळांसाठी 'लोकनाट्य' ही संज्ञा रूढ केली. त्यांच्या रंगभूमीचे तत्त्वज्ञान त्यांनी २ मार्च १९५८ रोजी मुंबईच्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात उद्घाटक म्हणून सांगितले: पृथ्वी शेषनागाच्या मस्तकावर तोललेली आहे हा पौराणिक समज नाकारून, ती दलितांच्या आणि श्रमिकांच्या तळहातावर तोललेली आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. जलशातील बळीपासून अण्णा भाऊंच्या या प्रतिपादनापर्यंतची वाट सरळ आहे. पृथ्वी ही देवाने दिलेली वस्तू न राहता श्रमाने धरून ठेवलेली गोष्ट झाली, आणि म्हणून तिची नासाडी हा त्या श्रमाचा अपमान ठरला.

स्वातंत्र्यानंतर सरकारनेही लोकनाट्याचा आधार घेतला. केंद्र सरकारचा गीत व नाटक विभाग १९५४ मध्ये सुरू झाला, आणि कुटुंबनियोजन, सुधारित बियाणे, अल्पबचत असे विषय कलापथकांतून गावोगाव पोहोचवण्यात आले. त्या प्रयोगांत सोंगाड्या होता, परंतु तो राजाला प्रश्न विचारण्याऐवजी राजाचे उत्तर प्रेक्षकांना समजावून सांगू लागला, आणि त्यामुळे हा टप्पा कलेच्या दृष्टीने निस्तेज राहिला. शहरी रंगभूमीवर मात्र १९६५ मध्ये वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याने दादा कोंडके यांच्या रूपाने सोंगाड्याचा हजरजबाबीपणा परत आणला. दुष्काळाचा प्रश्न मात्र आता रंगमंचाबाहेर थेट सरकारपुढे उभा राहिला: १९७२ च्या दुष्काळाने राज्य होरपळले, मे १९७३ मध्ये सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत व माती वाहत होती, आणि या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा घडला. या हमीच्या कल्पनेचे प्रवर्तक वि. स. पागे हे तासगाव तालुक्यातील विसापूरचे होते.

माणूस आणि पृथ्वी यांचे बिघडलेले नाते हसतगात मांडण्याची रीत केवळ मराठी नाही. अथेन्समध्ये इसवी सनपूर्व ४२१ मध्ये अॅरिस्टोफेनिसचे 'शांती' हे प्रहसन झाले. त्यात युद्धाने शेते उजाड झालेला एक द्राक्षबागायतदार शेणातल्या प्रचंड भुंग्यावर बसून देवांच्या दारी जातो आणि गुहेत गाडलेल्या शांतिदेवतेला दोरखंड लावून बाहेर काढतो. दोर ओढायला सगळ्या प्रकारची माणसे जमतात, परंतु काम तडीस जाते ते फक्त शेतकरी ओढू लागतात तेव्हा, आणि नाटकाच्या शेवटी विळे घडवणारा सुखी तर शस्त्रे विकणारा कंगाल होतो. हे सगळे वृंदगायनासह घडत असे, आणि तासगाव किंवा कोरेगावच्या प्रेक्षकाला त्यातील काही परके वाटले नसते. याच्या दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २००१ मध्ये आलेली 'युरिनटाउन' ही संगीतिका आहे: वीस वर्षांच्या दुष्काळामुळे खासगी शौचालयांवर बंदी आलेली आहे, सार्वजनिक शौचालये एका कंपनीच्या ताब्यात आहेत, आणि लघुशंकेसाठी पैसे न भरणाऱ्याला हद्दपार केले जाते. या संगीतिकेत जनता बंड करून कंपनी उलथवते, पण मोकळे झालेले पाणी बेसुमार वापरले गेल्याने शेवटी सगळेच मरतात. वगाचा शेवट असा कधी होत नाही. वगात राजा चुकला तर त्याला चूक कळते, राज्य पुन्हा मार्गी लागते आणि खेळ मुजऱ्याने संपतो. या फरकाचे कारण केवळ परंपरेत शोधणे अपुरे ठरेल. वगाचा प्रेक्षक दुसऱ्या दिवशी त्याच कोरड्या रानात कामाला जाणार होता, आणि पाणी संपल्यावर काय होते हे त्याला कोणी दाखवण्याची आवश्यकता नव्हती.

या मुलखातला पुढचा अध्यायही रंगमंचाबाहेर घडला. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेले कामगार सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात आपापल्या गावी आले, आणि भारत पाटणकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने तेथे मुक्तिसंघर्ष चळवळ उभी राहिली. येरळा नदीतील वाळूचा ठेकेदारांकडून होणारा उपसा आणि काठच्या विहिरींचे आटणे यांचा संबंध गावकऱ्यांनी लोकविज्ञान संघटनेच्या कार्यकर्त्यांसह तपासला. नदीची थोडी वाळू स्वतः विकून आणि लोकवर्गणी काढून तांदूळवाडी व बलवडी या गावांसाठी येरळेवर धरण बांधण्याचे ठरवले. आणि पाण्याचा वाटा जमिनीच्या मालकीवर न ठरवता भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला समान मिळावा, हे तत्त्व मांडले. या धरणाचे नाव 'बळीराजा स्मृती धरण' असे ठेवण्यात आले. जलशातून गावोगाव पोहोचलेला बळी, आणि खळ्यावर बलुते मागणाऱ्याच्या वंशजाला पाण्यात समान वाटा देण्याचा विचार, हे दोन्ही येथे दगडमातीत एकत्र आले. सोंगाड्याने शंभर वर्षे विचारलेल्या प्रश्नाला व्यवहारात मिळालेले इतके स्पष्ट उत्तर या मुलखात दुसरे नाही.

कोरेगाव तालुका या प्रवासात पुन्हा केंद्रस्थानी आला तो २०१६ मध्ये. पानी फाउंडेशनने 'सत्यमेव जयते वॉटर कप' ही पाणलोट कामांची स्पर्धा त्या वर्षी पहिल्यांदा घेतली, तेव्हा अमरावती जिल्ह्यातील वरुड, बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई आणि सातारा जिल्ह्यातील कोरेगाव हे तीनच तालुके निवडले गेले होते, आणि पहिला क्रमांक कोरेगाव तालुक्यातील वेळू या गावाने पटकावला. सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एकाच पातळीत खणलेले चर, आणि बांधबंदिस्ती ही कामे गावकऱ्यांनी उन्हाळ्यात श्रमदानाने केली; 'असूडा'त फौजेकडून करून घ्यावयास सुचवलेले काम येथे गावाने स्वतःच्या हाताने केले. याच तालुक्यातील कठापूर येथून कृष्णेचे पाणी उचलून खटाव आणि माणकडे नेणारी जिहे-कठापूर उपसा योजना आता त्या जुन्या नेर तलावात पाणी सोडते. दुष्काळाने बांधलेला तलाव अशा रीतीने कोरेगावच्या हद्दीतून जाणाऱ्या पाण्याने भरू लागला आहे, आणि ते पाणी कोणाच्या शेताला, कोणत्या पिकाला आणि किती मिळावे हा वाद अर्थातच संपलेला नाही. ऊस एका बाजूला आणि पिण्याचे पाणी व भुसार पिके दुसऱ्या बाजूला, असा तो वाद आहे, आणि वगाच्या दरबारात त्याला आजही जागा आहे.

या रंगभूमीचा पुरावा मात्र झपाट्याने नाहीसा होत आहे. वगांचे सांगाडे, गणगवळणी आणि सवालजवाब पिढ्यान्‌पिढ्या 'बाडां'त, म्हणजे हाताने लिहिलेल्या शिवलेल्या वह्यांत, जपले गेले. अनेक फड बंद पडले, सोंगाडे वारले, आणि बाडे माळ्यावर पडून राहिली किंवा रद्दीत गेली. दुष्काळाच्या वर्षी कोणत्या वगात काय भर घातली गेली, राजाला कोणत्या धरणाबद्दल विचारले गेले, कोणत्या गावाचे नाव घेऊन थट्टा झाली, हे या बाडांशिवाय कळण्याचा मार्ग नाही, आणि या मुलखाच्या पाण्याचा इतिहास केवळ पाटबंधारे खात्याच्या दप्तरावरून लिहिला गेला तर तो अर्धाच लिहिला जाईल. कोरेगाव, खटाव, तासगाव, वाळवा किंवा खानापूर तालुक्यांतील ज्या घरांत असे बाड असेल त्यांनी ते टाकून देऊ नये. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयाशी किंवा आपल्या तालुक्याच्या वाचनालयाशी संपर्क साधून निदान त्याची छायाप्रत तरी करून ठेवावी.